समर्थकांच्या ठेवीतून बढती : फुटबॉल क्लबांची भांडवल उभारणी आणि हक्काचा प्रश्न

प्रास्ताविक

निरवांगी, इंदापूर, बारामती हा परिसर फुटबॉलचा नाही. येथील जत्रांत कुस्त्यांचा आखाडा भरतो, शाळेच्या पटांगणावर कबड्डी रंगते आणि फुटबॉल बहुधा दूरचित्रवाणीवरच पाहिला जातो. असे असले तरी युरोपातील फुटबॉल क्लबांनी आपल्या समर्थकांकडून पैसा उभारण्याचे जे प्रयोग केले, ते या भागातील वाचकाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. संस्थेशी आयुष्यभर बांधला गेलेला माणूस, त्याच्या निष्ठेच्या आधारे घेतलेली ठेव आणि त्या ठेवीतून योजलेला विस्तार ही रचना येथील ऊस उत्पादक सभासदाच्या नित्य परिचयाची आहे. प्रस्तुत लेखात या प्रयोगांचा विचार एकाच प्रश्नाच्या अंगाने केला आहे : पैसे देणाऱ्याला पैशाच्या बदल्यात हक्क कोणता मिळतो?

बढतीचे अर्थकारण

युरोपातील साखळी स्पर्धा श्रेणींमध्ये विभागलेल्या असतात. हंगामाच्या अखेरीस वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली येतात व खालच्या श्रेणीतील अग्रस्थानी असलेले संघ वर जातात. इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीत २४ संघ खेळतात आणि त्यांपैकी तिघांनाच प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळतो. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न खालच्या श्रेणीपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असल्याने या तीन जागांसाठी प्रत्येक क्लब ऐपतीबाहेर खर्च करण्यास प्रवृत्त होतो. २०१७-१८ ते २०२१-२२ या हंगामांत दुसऱ्या श्रेणीतील क्लबांचा एकत्रित वेतनखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहूनही अधिक होता.

कारखान्याने नवे यंत्र बसविले तर शेजारच्या कारखान्याने तसेच यंत्र बसविल्यामुळे ते निकामी होत नाही. फुटबॉलमध्ये मात्र तसेच घडते. चोवीसही संघांनी वेतन दुप्पट केले तरी वर जाणारे संघ तीनच राहतात; उरलेल्या एकवीस संघांच्या पदरी वाढलेला खर्च तेवढा पडतो. म्हणून बढतीसाठी केलेल्या खर्चास गुंतवणूक म्हणण्यापेक्षा पैज म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

लीड्स युनायटेडने ही पैज भविष्यातील तिकिटांवर लावली. पुढील वर्षांच्या तिकीट उत्पन्नाच्या तारणावर क्लबने २००१ मध्ये सहा कोटी पौंडांचे कर्ज उभारले. त्याच वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. पुढे मात्र त्या स्पर्धेची पात्रताच हुकली. २००४ मध्ये संघ दुसऱ्या आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगमध्ये परतण्यास २०२० साल उजाडले. येथे समर्थकांकडे कोणी थेट पैसे मागितले नव्हते. त्यांनी अद्याप न काढलेली तिकिटे मात्र आधीच गहाण पडली होती.

कर्जरोखे : नॉरिच आणि हॅम्बर्ग

थेट मागणीचे एक प्रामाणिक उदाहरण नॉरिच सिटीचे आहे. या क्लबने २०१८ मध्ये समर्थकांसाठी पाच वर्षे मुदतीचे रोखे काढून पन्नास लाख पौंड उभारले. दरसाल पाच टक्के व्याज रोखीने, तीन टक्के क्लबमधील खरेदीसाठी जमा, आणि मुदतीत प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाल्यास मुद्दलाच्या पंचवीस टक्के एकरकमी लाभांश अशी योजना होती. पैसा युवा खेळाडूंच्या प्रशिक्षण केंद्रासाठी होता, वेतनासाठी नव्हता. २०१९ मध्ये संघाला बढती मिळाली आणि लाभांशाची अट पूर्ण झाली. या योजनेचे मर्म असे की, क्लबची ऐपत वाढेल तेव्हाच देणे वाढावे अशी सोय तिच्यात होती. लगेच २०२० मध्ये संघ पुन्हा खाली आला, हेही नोंदविले पाहिजे.

हॅम्बर्गचा अनुभव याहून बोलका आहे. हॅम्बर्गर एसव्ही या जर्मन क्लबने २०१२ मध्ये सहा टक्के व्याजाचे, सात वर्षे मुदतीचे रोखे समर्थकांना विकून एक कोटी पंचाहत्तर लाख युरो जमविले. युवा प्रशिक्षण संकुल बांधणे हा त्यामागील जाहीर हेतू होता. निष्ठावान घराण्यांनी हे रोखे हौसेने घेतले. संकुल मात्र त्या पैशातून उभे राहिले नाही. संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरण्याच्या ओढाताणीत ही रक्कम क्लबच्या चालू गरजांत खर्ची पडली आणि संकुलासाठी पुढे एका उद्योगपतीची देणगी घ्यावी लागली. ते २०१७ मध्ये खुले झाले. १९६३ पासून अखंड बुंदेसलीगामध्ये असलेला हा संघ २०१८ मध्ये खाली आलाच. २०१९ मध्ये रोख्यांची मुदत संपली तेव्हा जुनी रक्कम फेडण्यासाठी समर्थकांनाच नवे रोखे विकण्यात आले. मुद्दल व व्याज परत मिळाले, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. परंतु संकुलासाठी दिलेला पैसा संकुलात गेला नाही आणि तो तिकडेच वळावा यासाठी रोखेधारकाच्या हाती कोणतेही साधन नव्हते. माझ्या मते या प्रकरणातील खरी उणीव हीच आहे.

ऊस उत्पादक सभासदाची ठेव

निरवांगीच्या शेतकऱ्यास भवानीनगरचा श्री छत्रपती, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि बिजवडीचा कर्मयोगी हे सहकारी साखर कारखाने परिचित आहेत. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीत उसाच्या बिलातून प्रतिटन ठरावीक रक्कम कापून परतीच्या व बिनपरतीच्या ठेवी उभारण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. गाळप क्षमतेची वाढ, आसवनी, सहवीजनिर्मिती यांसाठी सभासदाचाच पैसा वापरावयाचा, ही त्यामागील कल्पना. बिनपरतीची ठेव हा शब्दप्रयोगच मोठा विलक्षण आहे. जी परत करावयाची नाही तिला ठेव का म्हणावे? अशा ठेवी कारखान्याचे उत्पन्न की देणे, हा आयकराचा वाद सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००४ मध्ये त्याचा निर्णय झाला.

दोन्हीकडील साम्य निष्ठेपुरते नाही, अगतिकतेचेही आहे. तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, त्याचे वजन व साखर घटते. तो फार लांब नेता येत नाही. समर्थकही आपला क्लब बदलत नाही. ग्राहक दुकान बदलतो, तशी सोय या दोघांनाही नाही आणि भांडवल मागणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

भेद आहे तो हक्काचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला त्याचे भाग कितीही असले तरी एक मत असते. वार्षिक सभेत तो ताळेबंदावर प्रश्न विचारू शकतो, निवडणुकीत संचालक मंडळ बदलू शकतो. हा हक्क प्रत्यक्षात किती वापरला जातो हा वेगळा विषय आहे, पण तो कागदावर आहे. क्लबचा रोखेधारक केवळ धनको असतो.

महाराष्ट्रातील फुटबॉलमध्ये या दोन्हींपैकी काहीच नव्हते. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला व दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये आलेला पुणे एफसी २०१५ नंतर त्या स्पर्धेत दिसला नाही. दोन्ही संघ उद्योगसमूहांचे होते. समर्थकांचा पैसा त्यांत अडकला नाही, तसेच संघ राहावा की जावा हेही त्यांना कोणी विचारले नाही. कोल्हापूरच्या तालीम मंडळांचे संघ याला अपवाद आहेत. तेथे पेठेतील माणूस वर्गणी देतो ती परत मिळणार नाही हे जाणूनच. वर्गणीला ठेवीचे नाव दिले जात नाही, हा तिचा मोठाच गुण.

दिवाळखोरीतील क्रम

पैज हरल्यावर कोणाला किती मिळते, यावरून पैशाचे खरे स्वरूप उघड होते. इंग्लंडमध्ये क्लब दिवाळखोरीत गेल्यास खेळाडूंचे थकीत वेतन व इतर क्लबांचे देणे पूर्ण फेडल्याखेरीज स्पर्धेतील स्थान टिकत नाही. या नियमाला करखात्याने दिलेले आव्हान २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले. तारणधारक बँकाही आधीच रांगेत असतात. विनातारण रोखे घेतलेला समर्थक छोट्या व्यापाऱ्यांबरोबर अखेरीस उभा राहतो. पोर्ट्‌समथ क्लब २०१० मध्ये बुडाला तेव्हा मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन अँब्युलन्स या सेवाभावी संस्थेचेही सुमारे २,७०० पौंड त्याच्याकडे थकले होते.

याच पोर्ट्‌समथचे समर्थक २०१३ मध्ये निराळ्या मार्गाने गेले. प्रत्येकी एक हजार पौंडांचे भाग घेऊन त्यांनी आपल्या विश्वस्त संस्थेमार्फत क्लब विकत घेतला. भागाला व्याज नव्हते, बढतीचा लाभांश नव्हता. होते ते मत. जुने देणे फिटले आणि २०१७ मध्ये संघाने चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून बढती मिळविली. त्याच वर्षी एका अमेरिकी उद्योगपतीने एक कोटी पौंड गुंतविण्याचे आश्वासन देत क्लब मागितला, तेव्हा प्रस्ताव भागधारकांपुढे मतदानास ठेवला गेला. बहुसंख्यांनी विक्रीच्या बाजूने कौल दिला आणि समर्थकांना त्यांचे पैसे परत मिळाले.