हात वर जाईना तेव्हा...

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे माईंना, मी कधी अंबाड्याशिवाय पाहिलेलं नव्हतं. अंघोळ झाली की आधी अंबाडा, मग स्वयंपाकघर. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तर माई पाटावर बसलेल्या आणि त्यांची लेक मागे उभी राहून त्यांचे केस विंचरत होती. मला वाटलं, लाड चाललेत मायलेकींचे! पण भाऊबीजेला वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा माई डाव्या हातानं काढायला गेल्या आणि तो निसटून स्वयंपाकघरभर चिवडा झाला, तेव्हा मी खोदून विचारलं.

"अगं, पाच महिने झाले. उजवा हात वरच जात नाही. वय झालं आता, दुसरं काय!"

वय वर्षं ५२. या पाच महिन्यांत बाम झाले, तेलं झाली, हात गळ्यात बांधून ठेवून झाला. एका मालिशवाल्या बाईंनी "शीर चढलीय" म्हणून हाताला असा काही हिसका दिला की दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांकडे तेवढं जायचं राहिलं होतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, 'फ्रोजन शोल्डर', म्हणजे आखडलेला खांदा. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आकसतं. मग सांध्याला हलायला जागाच उरत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे दुखणं जास्त आढळतं, त्यातही बायकांमध्ये, आणि मधुमेह असेल तर फारच. माईंना आठ वर्षं मधुमेह आहे, पण साखरेचा खांद्याशी काही संबंध असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

या दुखण्याची चालही ठरलेली असते. पहिले काही महिने नुसतं दुखतं, विशेषतः रात्री. त्या कुशीवर झोपवत नाही. मग दुखणं कमी होतं आणि हात आखडत जातो. इथेच आपण फसतो, कारण कळ थांबली म्हणजे बरं वाटतंय असं आपण धरून चालतो. त्यानंतर खांदा हळूहळू सुटू लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहता येते. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात दुमडा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. एक हात उघडला आणि दुसरा अडला, आणि दुसऱ्या कुणी हलकेच नेऊनही तो जात नसेल, तर सांधा आखडला असण्याची शंका घ्यावी. आपल्याला हात उचलवत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर सहज वर जातो, असं असेल तर दुखणं बहुधा स्नायूंचं असतं. अर्थात निदान डॉक्टरांनीच करायचं.

आता जायचं कधी? माझं मत विचाराल तर, दोन-तीन आठवड्यांत दुखणं हटलं नाही, झोपमोड होऊ लागली किंवा वेणी, परकराची नाडी, वरची फळी यांतलं काही अडलं की लगेच. मधुमेह असेल तर त्याआधीच. पडल्यावर हात उचलत नसेल, सांधा लाल होऊन ताप आला असेल, हातातली शक्ती एकाएकी गेली असेल, किंवा हाताच्या कळेबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर मात्र व्यायामाचा विचारही नको. तडक रुग्णालय गाठावं.

डॉक्टरांनी माईंना फिजिओथेरपीला पाठवलं तर त्या म्हणाल्या, "दिवसभर हातच चालवते की मी! आणखी व्यायाम कसला?" हे आपल्या सगळ्यांचंच म्हणणं. पण पोळ्या लाटताना, भांडी घासताना हात छातीच्या खालीच फिरतो. खांद्याला पूर्ण वळण देणारं काम दिवसभरात किती वेळा होतं, मोजून पाहा!

आणखी एक गैरसमज म्हणजे फिजिओथेरपी म्हणजे यंत्राचा शेक. शेकानं स्नायू सैल पडतात इतकंच. खरं काम व्यायामाचं. तोही दुखण्याच्या पायरीप्रमाणे बदलतो. कळ जोरात असताना ताणाताणी केली तर सांधा आणखी चिडतो. म्हणून माईंना आधी नुसता लोलक शिकवला: चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलकेच झुलवायचा. पुढे भिंतीवर बोटांनी चढणं आणि दोन्ही हातांत काठी धरून दुखरा हात बाहेर ढकलणं. दिवसातून तीन वेळा, थोडा थोडा वेळ. आधी आठवड्यातून दोनदा जावं लागे, मग पंधरवड्यातून एकदा, बाकीचं घरी. काहींना डॉक्टर सांध्यात इंजेक्शनही देतात, पण मधुमेह असेल तर त्यानं काही दिवस साखर वाढू शकते, हे आधी विचारून घ्यावं.

मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो, तेव्हा खर्चाच्या धास्तीनं थांबू नये. खाजगीत गेलात तर पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक खुशाल विचारा. भाजी घेताना चार प्रश्न विचारतोच की आपण!

माईंच्या मागच्या दाराजवळच्या भिंतीवर आता पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलांची उंची मोजतो तशा. दर रविवारी बोटं कुठवर पोचली त्याची एक रेघ. मध्ये सहा आठवडे रेघ एकाच जागी होती आणि माई चिडून सगळं सोडणार होत्या. परवा गौरीला साडी त्यांनीच नेसवली. अंबाडाही आता स्वतः बांधतात, जरा डावीकडे कलतो. पाठीमागे हात मात्र अजून कमरेपर्यंतच जातो.