कटिंग बिघडली! आता काय?

जूनचा दुसरा आठवडा डोळ्यांपुढे आणा. शाळा उघडायला दोन-चार दिवस उरलेले. शहापूर आणि मुरबाडच्या सलूनमध्ये आसपासच्या गावांतल्या मुलांची गर्दी. तुमचा नंबर लागतो, कात्री चालते आणि घरी येऊन आरशात पाहता तो काय! एक बाजू आखूड, मागे भोवऱ्यावरचे केस ताठ उभे! "मी शाळेत जाणार नाही," असा हट्ट धरावासा वाटतो. वर्गात सगळे हसतील ही भीती काही खोटी नाही. पण यामागचे पदार्थविज्ञान समजले, तर हा प्रसंग बहुधा टळतो आणि आलाच तर निभावून नेता येतो.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचे लांब रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. केसात पाणी शिरले की यांतील पुष्कळ बंध सुटतात. ओला केस ताणला तर मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. वाळला की तो पुन्हा आखडतो. सलूनमध्ये पाण्याचा फवारा मारतात, कंगव्याने केस ओढतात आणि बोटांत धरून कापतात. तेव्हा बरोबर वाटलेली लांबी वाळल्यावर कमी भरते. कुरळे केस तर आणखीच वर चढतात. म्हणून केस कापणाऱ्या काकांना आधीच सांगा, "काका, एक बोट जास्त ठेवा." जास्त राहिलेले नंतर कापता येते, पण कापलेले जोडता येत नाही.

आता भोवऱ्याकडे वळू. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. टेबलाच्या कडेबाहेर ती ४ सेंटिमीटर काढून धरा. जवळजवळ सरळ राहील. आता १५ सेंटिमीटर बाहेर काढा. लगेच खाली झुकेल. पट्टी तीच, मग फरक कशाचा? लांबीचा! थोडेसेच झुकत असेल, तर स्वतःच्या वजनाने होणारे झुकणे लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की झुकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. केसांचेही तसेच. भोवऱ्यावरचे केस फार आखूड कापले की ते वजनाने खाली बसत नाहीत, उभेच राहतात. तेवढे केस जरा लांब ठेवायला सांगावे.

एवढे करूनही कटिंग बिघडली तर? पहिली गोष्ट म्हणजे घरी कात्री हातात घेऊ नका. दोन मांजरांचे लोणी सारखे वाटून देणारे माकड आठवते ना? या पारड्यातले थोडे, त्या पारड्यातले थोडे खाता खाता लोणीच संपले. दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या नादात केसांचे तेच होते.

त्यापेक्षा गणित करा. डोक्यावरचे केस दिवसाला सुमारे ०.३५ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. समजा, डावीकडचे केस १ सेंटिमीटर आणि उजवीकडचे २ सेंटिमीटर राहिले. तीन महिन्यांनी ते ४ आणि ५ होतील. फरक तेवढाच राहिला, पण आधी एक बाजू दुसरीच्या निम्मी होती, आता ती चार पंचमांश झाली. हा फरक डोळ्यांना फारसा खुपत नाही. पुढच्या कटिंगला तोही निघून जाईल.

तोपर्यंत केस ओले करून हवे तसे विंचरा आणि हात न लावता वाळू द्या. सुटलेले बंध नव्या जागी जुळतात आणि केस तसेच बसतात. मात्र आपल्याकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पावसाळ्यात हवा फार दमट असते. त्यामुळे ही बैठक लवकर मोडते. हवेतील बाष्पाने केसाची लांबी बदलते, या गुणाचा उपयोग करून जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने केसाचा आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला, तर केसात पाणी कमी शिरते.

"गोटाच करून टाक, केस दाट येतील," असा सल्लाही मिळेल. तो चुकीचा आहे. केस त्वचेखालच्या मुळातून वाढतो. वर वस्तरा फिरला हे मुळाला कळत नाही. अमेरिकेतील मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर हे तपासून दाखवले. कापलेले टोक बोथट असते, म्हणून तो केस जाड भासतो इतकेच. वस्तरा लावायचाच असेल, तर नवे पाते घालायला सांगा. रक्तातून पसरणारे काविळीसारखे रोग वापरलेल्या पात्याने होऊ शकतात.

शिक्षकांनी या वर्षी एक प्रयोग जरूर करून घ्यावा. शाळा उघडल्यावर प्रत्येकाने कपाळावरच्या एका बटेची लांबी मोजून वहीत लिहावी. दर महिन्याला ती पुन्हा मोजावी आणि आलेख काढावा. ज्याची कटिंग बिघडली असेल, त्याला या प्रयोगाचा प्रमुख करावे. त्याचे केस सगळ्यांत आखूड, म्हणजे मोजायला सगळ्यांत सोपे! पण त्यासाठी त्याने पहिल्या दिवशी शाळेत यायला हवे, बरे का!