परदेशी मुक्कामासाठी विजेची सायकल : मागविण्यापूर्वीचा हिशेब

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद आदी आमच्या जुन्या पेठांतील पुष्कळ घरांचा एखादा मुलगा वा मुलगी आज युरोपात नोकरीस आहे. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन व ॲम्स्टेलव्हेन या गावी तर भारतीय कुटुंबांची चांगलीच वस्ती झाली आहे. पेढीचा भार पुढील पिढीवर सोपवून आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात. तेथील अल्पमुदतीच्या व्हिशावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. म्हणजे मुक्काम फार तर तीन महिन्यांचा. जन्मभर आपल्या पायावर बाजारहाट केलेल्या माणसाला तेथे भाजी आणण्यासाठीही मुलाच्या सुटीची वाट पाहावी लागते. हे परावलंबन मनास लागते. ज्या देशात सारा गाव सायकलीवरून फिरतो, तेथे विजेचे साहाय्य असलेली सायकल हा त्यावरचा सोपा उपाय आहे, आणि इंटरनेटवर ती स्वस्तही दिसते.

परंतु जी वस्तू वर्षातून तीन महिनेच वापरावयाची, तिची स्वस्ताई छापील किमतीवर ठरत नाही. विकणारा जबाबदार आहे काय, बॅटरी विश्वासाची आहे काय, आणि आपण नसताना ती वस्तू सांभाळणार कोण, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरते. व्यापारी बंधूंना ही पारख नवी नाही. फक्त माल नवा आहे. म्हणून नेदरलँड्सचे उदाहरण घेऊन आम्ही तिचा येथे विचार करीत आहोत.

कायद्याच्या दृष्टीने सायकल कोणती?

पायाने पेडल मारीत असतानाच जिची मोटर साहाय्य करते, ताशी २५ किलोमीटर वेग येताच जिचे साहाय्य थांबते, आणि जिच्या मोटरची अखंड शक्ती २५० वॅटहून अधिक नाही, तीच विजेची सायकल तेथे ‘सायकल’ मानली जाते. तिला परवाना लागत नाही, नंबरची पाटी लागत नाही. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साहाय्य देणारा दुसरा प्रकार १ जानेवारी २०१७ पासून मोपेडच्या नियमांखाली गेला आहे. त्याला परवाना, विमा, पिवळी पाटी व हेल्मेट ही सर्व आवश्यक आहेत.

स्वस्त जाहिरातींत घोटाळा होतो तो येथेच. ‘७५० वॅट’, ‘अंगठ्याने चालणारा थ्रॉटल’, ‘वेगाची मर्यादा काढता येते’ ही वाक्ये गुण म्हणून छापलेली असतात. वस्तुतः तो दोषांचा कबुलीजबाब असतो. पेडल न मारता चालण्याच्या वेगापेक्षा अधिक धावणारी अशी गाडी रस्त्यावर आणली की ती सायकल राहत नाही. डच पोलीस सायकलचे चाक रुळांच्या यंत्रावर फिरवून तिचा वेग तपासतात. दंड भरून सुटका होईल. पण अशा गाडीने कोणास इजा झाली तर घरचा दायित्वविमा भरपाई नाकारू शकतो. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने मुलाच्या डोक्यावर हे ओझे ठेवू नये.

यास्तव सायकलीवर ‘ईएन १५१९४’ या युरोपीय मानकाचा उल्लेख, २५० वॅट व २५ किलोमीटर हे आकडे, आणि एकूण किती वजन पेलते हे कोरलेले किंवा चिकटविलेले आहे काय, हे प्रथम पाहावे. विक्रेत्याकडून त्या पट्टीचे छायाचित्र मागवावे. जो ते देत नाही, त्याचा माल घेऊ नये.

खरी किंमत बॅटरीची

या सायकलीत सर्वांत महाग भाग बॅटरी होय, आणि स्वस्त सायकलीत काटकसर बहुधा तेथेच केलेली असते. तिचे माप सोपे आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास असल्यास ३६० वॅट-तास झाले. सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे सुमारे १० वॅट-तास खर्च धरला, तर एका भरणात ३५ किलोमीटरच्या आसपास जाता येईल. डच भूमी सपाट खरी, पण समोरचा वारा तेथील चढच आहे. तेव्हा जाहिरातीत ८० किलोमीटर लिहिले असेल तर निम्मेच धरून चालावे. बाजारहाटासाठी तेवढे भरपूर होते, आणि एका भरणास अर्धे युनिटही वीज लागत नाही.

धोका आहे तो आगीचा. हलक्या प्रतीची लिथियम बॅटरी अथवा दुसऱ्याच बॅटरीचा चार्जर जोडल्याने ती पेटते, आणि पेटल्यावर विझविणे अतिशय कठीण असते. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली अशा आगींत १८ माणसे दगावली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरपासून त्या शहराने प्रमाणित नसलेल्या विद्युत् सायकली व बॅटऱ्या विकण्यास बंदी केली. म्हणून सुट्या पेशी जोडून बनविलेली वा दुरुस्त केलेली बॅटरी कधीही घेऊ नये. चार्जर मूळचाच वापरावा. आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा रात्री झोपेत असताना ती भरण्यास लावू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रवासी विमानातून १६० वॅट-तासांवरील लिथियम बॅटरी नेता येत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही. परत येताना सायकल बरोबर आणू, हा बेत यामुळे मुळातच बाद होतो.

विकणारा कोण, आणि तो कोठे आहे?

चीनमधून थेट मागविलेला माल स्वस्त पडेल, असे पुष्कळांना वाटते. २०१९ साली युरोपीय संघाने चिनी विद्युत् सायकलींवर जादा आयातकर बसविला. त्याचे दर उत्पादकाप्रमाणे १८.८ ते ७९.३ टक्के होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये या कराची मुदत पाच वर्षांनी वाढविण्यात आली. त्यावर नेदरलँड्सचा २१ टक्के मूल्यवर्धित कर आहेच. सीमेवर हा हिशेब ग्राहकाच्या दारात येऊन उभा राहतो. ‘युरोपातील गोदामातून पाठवू’ असे लिहिलेले असले तरी गोदाम म्हणजे विक्रेता नव्हे. बिल कोणाच्या नावाने निघणार, त्याचा पत्ता व नोंदणी क्रमांक युरोपीय संघातील आहे काय, हे विचारावे.

असा विक्रेता असेल तर कायदा ग्राहकाच्या बाजूने चांगला उभा राहतो. दूरस्थ खरेदीत माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता तो परत करता येतो. सदोष मालाची जबाबदारी किमान दोन वर्षे विक्रेत्यावर असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते. मात्र परतीची हमाली पुष्कळदा ग्राहकावर पडते. वीस-पंचवीस किलोची पेटी व तीत बॅटरी, म्हणून ती थोडी नसते. त्यासाठी परतीचा खर्च आधी विचारावा, पेटी जपून ठेवावी, आणि निर्णय होईपर्यंत दुकानात जेवढी पारखून पाहू तेवढीच वापरावी. अधिक वापरल्यास घट कापून घेण्याचा विक्रेत्यास अधिकार आहे.

खाजगी माणसाकडून जुनी सायकल घेताना हे संरक्षण नसते. शिवाय त्या देशात सायकलचोरी फार. चौकटीवरील क्रमांक पोलिसांच्या ‘स्टॉपहेलिंग’ या नोंदीत ताडून पाहावा आणि मूळ पावती मागावी. संशयास्पद स्वस्त माल घेणाराही तेथे गुन्ह्यात सापडतो.

गावातील सायकल दुरुस्तीवाल्यास ती छाप दाखवून ‘ही तुम्ही दुरुस्त कराल काय?’ असे मागविण्यापूर्वीच विचारून ठेवावे. अनोळखी छापाची विजेची सायकल हाती घेण्यास अनेक दुकानदार राजी नसतात.

अंगास बसेल अशी

डच लोक उंच असतात. त्यांच्या मापाची चौकट आपल्या वयस्कांस झेपत नाही. पाय उचलून टाकावा लागू नये, अशी खाली वाकलेली चौकट घ्यावी. साडी नेसणाऱ्या भगिनींना तीच सोयीची. बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीस लागले पाहिजेत. स्वस्त सायकलीत पेडल फिरते आहे एवढेच ओळखणारे यंत्र असते, त्यामुळे मोटर एकदम ओढ घेते. पायाचा जोर मोजणारे यंत्र थोडे महाग, पण त्याचे साहाय्य जोराच्या प्रमाणात व सावकाश मिळते. साठीपुढील माणसाने हा अधिक खर्च करावा. पडण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

पेटीतून आलेल्या सायकलीचे हँडल, पेडल व पुढचे चाक बसवावयाचे राहिलेले असते. डावे पेडल उलट्या आट्याचे असते. जोर लावून सरळ फिरविल्यास आटे मरतात. ब्रेक तर जाणकाराकडूनच तपासून घ्यावेत. आणि तेथे उजव्या बाजूने चालवावयाचे, हे पहिले आठ दिवस रिकाम्या रस्त्यावर अंगवळणी पाडावे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण टोक आपल्याकडे करून रंगविलेले दिसले, तर वाट दुसऱ्यास द्यावयाची, असा त्याचा अर्थ आहे. प्रौढांस हेल्मेटची सक्ती नाही, तरी घालावे.

विकत की भाड्याने?

आता जमाखर्च मांडू. समजा, सायकल ९०० युरोंची, कुलूप ६० व देखभाल ८०. एकूण १,०४० झाले. काही वर्षांनी ती ४५० ला गेली, तर निव्वळ खर्च ५९० युरो. दरमहा ७० युरो भाड्याने सायकल मिळत असेल, तर तीन महिन्यांचे २१० होतात. म्हणजे तिसऱ्या मुक्कामाच्या अखेरीसच खरेदी फायद्यात येते. आकडे आपापल्या गावाचे घालावेत, रीत हीच. भाड्याच्या सायकलीची दुरुस्ती बहुधा मालकाकडेच असते, हेही जमेस धरावे.

आणि उरलेले नऊ महिने? बॅटरी न वापरताही झिजते. ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्म्याच्या आसपास भरून कोरड्या, थंड जागी ठेवावी, अधूनमधून पाहावी, आणि गोठणबिंदूखालील थंडीत भरू नये. हे करणारे घरात कोणी असेल, किंवा सुनेस वा मुलास ती सायकल रोजच्या उपयोगाची असेल, तर खरेदी अवश्य करावी. बिल त्यांच्याच नावाने घ्यावे, म्हणजे हमीचा हक्क त्या देशात राहणाऱ्याच्या हाती राहतो.

सारांश, पहिल्या भेटीत भाड्याने घ्यावी, दुसऱ्या भेटीचे तिकीट निश्चित झाल्यावर खरेदीचा विचार करावा, आणि खरेदी करताना शंभर युरो वाचविण्यासाठी बॅटरी व विक्रेता यांवर तडजोड करू नये. पेढीवर बसून आपण आयुष्यभर ज्या कसोटीवर माल पारखला, तीच कसोटी परदेशातही लावावी. मग भाजीची पिशवी हँडलला अडकवून, कोणाची वाट न पाहता बाजारास जाण्याचे सुख परगावीही मिळेल.