शाळा बंद, शिक्षण सुरू : टाळेबंदीतील मुळशी

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला हाती घेतली. तीत ‘दीक्षा’ या शासकीय अ‍ॅपवरील पाठांच्या लिंक शिक्षकांमार्फत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचत. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातच हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि त्याच तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूला डोंगराआड मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, ही विसंगती त्या काळात लपून राहणे शक्य नव्हते. घरात एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, म्हणजे सकाळचा स्वाध्याय मुलाच्या हाती रात्री पडणार आणि वहीच्या पानाचा तिरपा, अंधूक फोटो शिक्षिकेकडे येणार तो तिच्या घरची जेवणे उरकल्यावर. तिच्या स्वतःच्या मुलांचे वर्गही त्याच फोनवर चालत असतील, तर पाळ्या लावण्यावाचून गत्यंतर नसे. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी सुरू झालेली ‘टिलीमिली’, म्हणजे बालभारतीच्या पाठांवर बेतलेली कृतिप्रधान मालिका, अशा घरांना अधिक सोयीची ठरावी अशी होती, कारण तिला इंटरनेट लागत नव्हते. अर्थात मुळशीच्या पावसात वीज गेली की तोही मार्ग खुंटे.