मुरमांवरची क्रीम घेताय? ट्यूबवरची नावे आधी वाचा. कोणती जोडी काय काम करते?

चेहऱ्यावर मुरूम आले की अनेक जण थेट मेडिकल गाठतात. हाती येणाऱ्या ट्यूबवर बारीक अक्षरांत दोन औषधांची नावे असतात. ट्यूब सारख्याच दिसल्या, तरी त्यांचे काम वेगवेगळे असते.

दोन औषधे कशासाठी?

त्वचेची रंध्रे बुजतात, आत तेल साचते, जंतू वाढतात आणि सूज येते. ॲडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड गटातील औषधे रंध्रे मोकळी ठेवतात. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारते. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जंतूंची वाढ रोखते.

कोणती जोडी कधी?

ॲडापलीन + बेंझॉइल पेरॉक्साइड : ब्लॅकहेड्स आणि लाल पुटकुळ्या, दोन्हींवर उपयोगी. अँटिबायोटिक नसल्याने जास्त काळ वापरता येते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, जळजळते.

क्लिंडामायसिन + बेंझॉइल पेरॉक्साइड : लाल, पू धरलेल्या पुटकुळ्यांसाठी. ब्लॅकहेड्सवर परिणाम तुलनेने कमी.

क्लिंडामायसिन + ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन : दोन्ही प्रकारच्या मुरमांवर चालते, पण यात बेंझॉइल पेरॉक्साइड नसते.

तिन्ही एकत्र : क्लिंडामायसिन, ॲडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड असलेल्या जेलला अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

बेंझॉइल पेरॉक्साइड का महत्त्वाचे?

नुसते अँटिबायोटिक लावत राहिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात. बेंझॉइल पेरॉक्साइडबाबत असे होत नाही. त्यामुळे लावायचे अँटिबायोटिक एकटे वापरू नये, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असावे, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हे लक्षात ठेवा

• फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. आठवड्यात ट्यूब बदलू नका.
• रेटिनॉइड रात्री, वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्यावर लावा. दिवसा सनस्क्रीन वापरा.
• बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे टॉवेल, उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो.
• गरोदर असल्यास किंवा तसे नियोजन असल्यास रेटिनॉइड टाळा, डॉक्टरांना आधी सांगा.

सर्वात मोठी चूक

गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या ‘ट्रिपल’ क्रीममध्ये मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असू शकते. त्याने चेहरा काही दिवस उजळ दिसतो. नंतर त्वचा पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात. ट्यूबवर हे नाव दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका.