विरंगुळा केंद्रात कोण येत नाही?

पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधलं अडखळणं काढलंय.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाव धाराशिव जिल्ह्यात. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी गावाकडं असतो, तेव्हा तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात दोन-तीन तास बसतो. पहिला आणि तिसराच शनिवार का, ते पुढं येईल. ‘तिथं नेमकं चालतं काय, आणि आम्हाला यायचं तर करायचं काय?’ असं बरेच जण विचारतात. म्हणून हा भाग.

चालतं काय?

सकाळी योगासनं, मग पेपरवाचन. कॅरम, बुद्धिबळ, भजन. महिन्यातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणी, वर्षातून एक सहल. 1 ऑक्टोबरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये ठरवलेल्या ज्येष्ठ नागरिक दिनाला, शाल-नारळ देऊन सत्कार. राज्यात गावोगावी असे संघ आहेत आणि ‘फेस्कॉम’ हा त्यांचा महासंघ.

हे सगळं चांगलंच आहे. पण हजेरीची वही बघा. निवृत्त गुरुजी, बँकेतले काका, एसटीतले अण्णा. बहुतेक पुरुष आणि बहुतेक पेन्शनवाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली आजी त्या वहीत सापडत नाही. ऊसतोडीत कंबर गेलेले तात्याही नाहीत.

आमच्या धंद्यात ॲप किती जण वापरतात हा आकडा सगळेच बघतात. पण ॲप उघडून अर्ध्यातून परत गेलेला माणूस कुठं अडकला, हे शोधणं जास्त कामाचं असतं. केंद्राचंही तसंच आहे. कोण येत नाही आणि का येत नाही, हे शोधून तेवढी अडचण काढायची. स्वयंसेवकाचं मुख्य काम मला तरी हेच वाटतं.

पहिली अडचण: एसटी

राज्यात 75 च्या पुढं एसटी मोफत आहे. ही सवलत ऑगस्ट 2022 पासूनची. 65 ते 75 ला अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून बायकांना कुठल्याही वयात अर्धं. म्हणजे तिकिटाचा प्रश्न बराचसा सुटलाय. तरी खेड्यातली माणसं येत नव्हती, कारण केंद्रातले कार्यक्रम संध्याकाळी पाचला आणि परतीची गाडी त्याच्या आधीच निघून जायची. कार्यक्रम अकरा ते दोन केले, तशी खेड्यातली माणसं यायला लागली. यात पैसा गेला नाही, फक्त स्टँडवर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढावा लागला.

आपल्याकडं अंतराला अजून एक पदर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागातली कित्येक गावं नव्या जागी वसली. गल्लीबोळाची जुनी गावं गेली, रुंद रस्त्यांची ऐसपैस गावं आली. घरं सुरक्षित झाली, पण शेजार लांब गेला. गुडघे धरलेल्या माणसाला गावातल्या गावात देवळापर्यंत जाणंही अवघड होतं. अशा ठिकाणी तालुक्याला एक मोठं केंद्र पुरत नाही. गल्लीत एखाद्या ओसरीवर आठवड्यातून दोनदा बसायची सोय त्याहून उपयोगी.

दुसरी अडचण: ‘रिकामं बसायला चालली’

आज्या येत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा हे असतं. घरात नातवंडं आहेत, दुपारचं काम आहे. ते टाकून गप्पा मारायला गेलं की गल्ली बोलते. म्हणून बोलावणं गप्पांचं नको, कामाचं हवं. आम्ही गोधडीची दुपार सुरू केली. जुनी लुगडी घेऊन या, नातवंडं सोबत आणा, एवढाच निरोप. ज्या कधी उंबरा ओलांडत नव्हत्या त्या आल्या. टाके घालता घालता जे बोललं जातं, ते खुर्च्या मांडून ‘मन मोकळं करा’ म्हटल्यावर कधीच निघत नाही.

ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ आहे, तिच्यामागं हेच आहे. निवृत्त पुरुष नुसतं बोलायला येत नाहीत. सुतारकामाला येतात, आणि रंधा मारता मारता बोलतात.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा. 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर या शिक्षकानं ती सुरू केली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. शाळा भरते दुपारी, म्हणजे घरची कामं आटोपल्यावर, आणि शिकवायला गावातलीच सून. कुणी बाहेरून ठरवून दिलेला उपक्रम नव्हता तो. पोथी आपल्यालाही वाचता यावी, ही आज्यांची स्वतःची इच्छा होती.

तिसरी अडचण: अंगठा

इथं आपल्यासारख्यांचा खरा उपयोग आहे. खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये खात्यात आलेले असतात, पण हातात येत नाहीत. मग ‘उद्या या’ ऐकत आजी तीन चकरा मारते. अशा वेळी पासबुक घेऊन थेट शाखेत जायचं, पैसे काढायची स्लिप भरायची, सोबत उभं राहायचं. अर्ध्या तासाचं काम असतं.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, म्हणून माझे शनिवार पहिला आणि तिसरा. तहसील मात्र सगळेच शनिवार बंद असतं, त्यामुळं तिथली कामं गावात राहणाऱ्या दोन पोरांनी वाटून घेतलीत.

सरकारी पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 80 च्या पुढच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. ‘जीवन प्रमाण’मध्ये 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आणि एका स्मार्टफोनवर अनेकांचा काढता येतो. फोन तुमचा, चेहरा त्यांचा. 65 च्या पुढच्यांसाठी ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ही आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा वस्तूंसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात.

तीन नियम

एक, पिन विचारायचा नाही, आणि कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवायचं. ओटीपी त्यांनी स्वतः बघून स्वतः टाकायचा. आज आपल्याला विश्वासानं सांगितलेला आकडा उद्या फोनवरच्या भामट्यालाही तेवढ्याच विश्वासानं सांगितला जातो.

दोन, ठरलेल्या दिवशी जायचंच. वर्षातून एकदा फळं वाटून फोटो काढणारे बरेच येतात. आजी कागदांची पिशवी घेऊन वाट बघते ती ठरलेल्या शनिवारची.

तीन, घरच्या भांडणात न्यायाधीश व्हायचं नाही. गोधडी शिवताना कधीतरी हळूच निघतं, ‘जमीन नावावर करून घेतली आणि आता जेवायला कुणी विचारत नाही.’ तेव्हा शांतपणे एवढंच सांगायचं: 2007 चा कायदा आहे. 60 च्या पुढच्या आईवडिलांना प्रांत कार्यालयात निर्वाहासाठी अर्ज करता येतो, वकील लावावा लागत नाही, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरू शकते. सांभाळायच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. मोफत हेल्पलाइन 14567, सकाळी आठ ते रात्री आठ. हा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. अर्ज करायचा की नाही, ते आजीला ठरवू द्या. पुष्कळदा ती करत नाही. पण आपल्याला करता येतो, हे कळल्यावर तिचं घरातलं बोलणं बदललेलं मी पाहिलंय.

सुरुवात कुठून?

तुमच्या गल्लीत साठीच्या पुढची किती माणसं आहेत, ती वहीत लिहा. त्यातलं कोण कुठल्याच बैठकीला, देवळात, केंद्रात दिसत नाही, त्यावर खूण करा. मग त्या घरी जा, चहा घ्या, आणि काय अडतं ते विचारा. उत्तर बहुतेक छोटं असतं. केंद्राच्या पायरीला कठडा नाही, किंवा चष्म्याची काडी मोडलीय, किंवा कुणी बोलावलंच नाही.

तुमच्या गावातली अडचण यापेक्षा वेगळी असेल तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!