शेजारच्या बांधावरचे बियाणे

सोनगीरला हंडा घ्यायला आलेली बाई आधी त्याला टिचकी मारते, नाद ऐकते, आतून हात फिरवते आणि मगच भाव विचारते. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखीचे. टिचकी मारणाऱ्या त्या बाईला कोणी अडाणी म्हणत नाही. पण तिच्याच घरधन्याने नवे बियाणे एक हंगाम पाहून घेऊ म्हटले, की शिकलेली मंडळी म्हणतात, "हा काही सुधारायचा नाही!"

शेतकरी नवी गोष्ट केव्हा उचलतो, कोणाचे पाहून उचलतो, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी केला आहे. त्यातला गाजलेला अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यातला. रायन आणि ग्रॉस या दोघांनी 259 शेतकऱ्यांना संकरित मक्याविषयी विचारले आणि 1943 साली निष्कर्ष छापले. मका अवर्षणात टिकणारा, उत्पन्नही शेकडा वीसच्या आसपास जास्त. तरीही 1928 पासून 1941 पर्यंत तेरा वर्षे लागली, तेव्हा कुठे दोघे सोडून बाकी सर्वांनी तो घेतला. बियाण्याचे नाव बहुतेकांच्या कानी घातले विक्रेत्याने. पण खात्री पटली ती शेजाऱ्याच्या अनुभवाने. आणि सुरुवातीला बहुतेकांनी लहानशा तुकड्यावरच पेरून पाहिले. म्हणजे टिचकीच की!

याच आयोवातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. वडिलांना नव्या यंत्रांची हौस, पण संकरित बियाण्यावर विश्वास नाही. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा करपला. मुलाने पुढे जन्मभर हाच विषय धरला. 1962 च्या पुस्तकात त्याने शेकड्यातले पहिले दोन-तीन ते शेवटचे सोळा असे लोकांचे पाच गट पाडले. शेवटच्यांना त्याने 'मागे रेंगाळणारे' म्हटले. आम्हाला हा शब्द रुचत नाही. संशोधक दोष शेतकऱ्याच्या माथी मारतात आणि नवे ते चांगलेच असे धरून चालतात, हे पुढे रॉजर्सनेही लिहिले.

आपल्याकडची ज्वारीच पाहा. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आले. दाणा भरपूर; पण लवकर पक्व होणारे, म्हणून परतीच्या पावसात कणसे सापडली की दाणे काळे पडायचे. ताट ठेंगणे, कडबा कमी. आणि भाकरी? ती थापणारीला कोणी विचारलेच नव्हते! पोत्यांचा हिशेब शेतात झाला, चवीचा चुलीपुढे. खानदेशातल्या काळ्या रानात दादर टिकली ती उगाच नव्हे. ज्याने सगळे रान हायब्रीडखाली घातले, त्याच्या गुरांनी पुढचा उन्हाळा कसा काढला असेल?

कापसाचे उलटे झाले. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत जवळजवळ सगळे रान त्याने व्यापले. बोंडे वाचलेली बांधावरून दिसत होती ना! पण त्याच खोक्यात बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट असे. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून ते कडेने लावायचे. पुष्कळांनी लावले नाही. त्याचा फायदा एकट्याच्या रानात दिसणारा नव्हता, नुकसान मात्र दिसत होते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापूस पोखरला, तेव्हा पाकीट लावणारा आणि न लावणारा दोघेही सारखेच भरडले.

कोरडवाहू पाच एकरवाल्याचा एक हंगाम बुडाला तर सावकाराचे दार दिसते. विहीरवाल्याचा बुडाला तर रब्बी हाताशी असते. म्हणून प्रात्यक्षिकाचा प्लॉट कोणाच्या रानात घालतात, याकडे गावाने लक्ष द्यावे. तो बहुधा रस्त्याकडेच्या बागायतदाराकडे असतो, साहेबांची जीप तिथवर जाते म्हणून. यंदा कृषी सहायक आले, तर एक तुकडा खालच्या आळीतल्या कोरडवाहू रानात मागा. आणि मळणी झाली की शेर-दोन शेर दळून आणा, घरात भाकरी होऊ द्या. मग कोणाचे काय मत पडते ते ऐका.